डब्यातले बोल्ट: कंपनीचे कुठले आणि मागाहून घातलेले कुठले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरला आजोबांची १९६८ ची ॲम्बेसेडर मार्क टू बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आता इंजिन उघडलंय आणि मिस्त्रींनी काढलेले सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकलेत. काही काळे, काही पिवळट, काही चकचकीत. यातले कंपनीतून आलेले कुठले हे ओळखायचं कसं? आणि मिस्त्री म्हणतात तसे सगळे काढून स्टेनलेसचे घालावेत का, म्हणजे खाऱ्या हवेत परत गंजायला नकोत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नुकसान तिथे होतं. इंजिनाला सरसकट स्टेनलेस घालू नका. कारणं पुढे सांगतो.

पहिल्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न मिसळलेत: बोल्ट मूळचा आहे का, आणि तो परत वापरण्याजोगा आहे का. कंपनीचा अस्सल बोल्ट आतून ताणला गेलेला असू शकतो, आणि मागाहून घातलेला बोल्ट अगदी योग्य मापाचा आणि ताकदीचा असू शकतो. रॉकर कव्हर, टायमिंग कव्हर, वॉटर पंप, डायनामोचं ब्रॅकेट असे डोळ्यांना दिसणारे बोल्ट असतील तर मूळचेपणाला किंमत आहे. कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग, फ्लायव्हील इथे मी मूळचेपणा बघतच नाही, फक्त ताकद आणि तब्येत बघतो. शिवाय गाडी व्हिंटेज रॅलीत परीक्षकांपुढे उभी करायची आहे की घरच्यांना घेऊन वेळणेश्वरला जायचं आहे, यावरही बरंच ठरतं. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही धरून सांगतो.

सगळ्यात आधी इंजिनच मूळचं आहे ना हे बघा. आर.सी. बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहा. कोकणात टॅक्सीला फिरलेल्या ॲम्बेसेडरांना डिझेल इंजिनं बसवलेली मी भरपूर पाहिली आहेत, आणि १९९० च्या दशकात आलेलं इसुझूचं १.८ लिटर इंजिन तर पूर्ण मेट्रिक आहे. तुमच्या गाडीत मूळचं १४८९ सीसी, वरच्या व्हॉल्व्हचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिन असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

मार्क टू म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये आट्यांचं एक समान माप ठरवलं, त्यालाच आपण यूएनएफ आणि यूएनसी म्हणतो, म्हणजे बारीक आटे आणि जाड आटे. ऑक्सफर्ड त्यानंतरची गाडी, त्यामुळे तुमच्या इंजिनाचे बोल्ट इंची आहेत आणि बहुतेक बारीक आट्यांचे. आपले जुने फिटर त्यांना सुतात मोजतात: पाव इंच म्हणजे दोन सूत, ५/१६ म्हणजे अडीच सूत, ३/८ म्हणजे तीन सूत. डब्यातल्या बोल्टांची पहिली वाटणी या हिशेबाने करा. त्यासाठी व्हर्निअर आणि थ्रेड गेज (आट्यांवर ठेवून त्यांचं माप ओळखायच्या दातेरी पट्ट्या) लागेल. थ्रेड गेज स्वस्त मिळतो आणि त्याच्याशिवाय हे काम करू नये.

घोळ होतो तो अडीच सुतावर. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट हातात धरला तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण अडीच सुताच्या बारीक आट्याचे इंचाला २४ फेरे असतात, तर नेहमीच्या एम-८ ला दर १.२५ मिलिमीटरला एक, म्हणजे इंचाला वीसच्या आसपास. एम-८ बोल्ट ब्लॉकमधल्या अडीच सुताच्या भोकात दोन-तीन फेरे हाताने जातो आणि मग अडतो. इथे लांब पाना लावून जोर दिला की ब्लॉकचे आटे गेलेच. डब्यात एम-८ सापडला, तर तो मूळचा नाही हे तर नक्की झालंच, शिवाय ज्या भोकातून तो निघाला ते भोकही तपासायला हवं.

पाव इंचाचंही तसंच. यूएनएफचे इंचाला २८ फेरे, जुन्या ब्रिटिश बीएसएफचे २६. ३/८ ला यूएनसी आणि व्हिटवर्थ (हेही जुनं ब्रिटिश माप) दोघांचे १६, फक्त दातांचा कोन ६० ऐवजी ५५ अंश. असा बोल्ट चढतो, घट्टही होतो, पण दात पूर्ण टेकत नाहीत. तुमच्या गाडीत व्हिटवर्थ असायचं कारण नाही. तरी जुन्या हार्डवेअरच्या दुकानातून कोणी आणून घातला असेल, म्हणून लक्ष ठेवा. (युद्धाआधीच्या मॉरिस आणि टी-सिरीज एमजीवाल्यांसाठी: तुमच्या इंजिनांत मेट्रिक आटे आणि व्हिटवर्थ मापाच्या मुंड्या असा मेळ असतो, तेव्हा वरचा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लावू नका.)

आता मुंडी. पहिल्यांदा कोपरे बघा. कंपनीच्या अडीच सुती बोल्टची मुंडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची. आपल्याकडे पेटीत असतो तेरा नंबरचा पाना. तो बसतो, पण सैल, आणि वर्षानुवर्षं त्यानेच सोडून-आवळून कोपरे गोल होतात. दोन सुती बोल्टची मुंडी ७/१६, म्हणजे ११.१ मिलिमीटर. अकराचा पाना चढत नाही म्हणून बाराचा घालतात, तो आणखीच सैल. तीन सुतीची ९/१६, म्हणजे १४.३, तिथे चौदाचा चढत नाही आणि पंधराचा घसरतो. त्यामुळे कोपरे झिजलेला बोल्ट जुना असण्याची शक्यता जास्त, आणि डब्यातला बरोबर १३ मिलिमीटर मुंडीचा, धारदार कोपऱ्यांचा बोल्ट बहुधा मागाहून आलेला. मिस्त्रींना इंची रिंग पान्यांचा एक संच घेऊन द्या. बाकी काही घ्या-न घ्या, हा खर्च करा.

मग मुंडीवरचा मार्का. यूएनएफ-यूएनसी बोल्ट ओळखू यावा म्हणून ब्रिटिश पद्धतीत मुंडीच्या वरच्या तोंडावर गोल खळगा ठेवायचे, किंवा षटकोनाच्या एका बाजूवर एकमेकांना चिकटलेली छोटी वर्तुळं उठवायचे. खळग्यात बनवणाऱ्याचं नाव आणि ताकदीचं एक इंग्रजी अक्षर असतं: आर, एस, टी किंवा व्ही. एस म्हणजे चौरस इंचाला ५० टनांची ताणशक्ती, आर त्याच्या खाली ४५, टी ५५, व्ही ६५. इंजिनाच्या बाहेरच्या कामाला आर आणि एस पुष्कळ दिसतात. गोल खळगा, त्यात जीकेएनसारखं नाव आणि शेजारी अक्षर, असा बोल्ट सापडला की मी तो वेगळ्या डब्यात ठेवतो, कारण तो त्या काळाचा असण्याची शक्यता मोठी.

डोक्यावर तीन रेषा असतील तर तो अमेरिकन पद्धतीचा ग्रेड फाइव्ह, सहा असतील तर ग्रेड एट. आटे तेच, ताकदही पुरेशी, पण ॲम्बेसेडरवर तो बहुतेक जीपच्या सामानातून आलेला असतो. ८.८ किंवा १०.९ लिहिलेला बोल्ट मेट्रिक पद्धतीचा. त्यातला पहिला आकडा ताणशक्ती सांगतो (८ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन) आणि दुसरा, त्याच्या दहापैकी किती भागांवर बोल्ट कायमचा ताणला जातो ते सांगतो. ही आकड्यांची पद्धत सार्वत्रिक झाली ती तुमच्या इंजिनानंतर. टीव्हीएस अक्षरांचे बोल्ट सुंदरम फास्टनर्सचे. ही कंपनी १९६६ मध्ये सुरू झाली, आणि बोल्ट उत्तम असतात. पण १९६८ च्या इंजिनात ते मूळचे म्हणून मी धरणार नाही.

मुंडी कोरी असली तर घाई करू नका. कंपनीनेही हलक्या जागी, जसं संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) पत्र्याला किंवा साइड कव्हरला, कोऱ्या मुंडीचे बोल्ट घातलेले असू शकतात. तिथे निकाल दुसऱ्या खुणांवरून लावायचा.

रंगावरून ओळखता येईल का, असं तुम्ही विचारलंत. थोडंफार येतं, पण एकट्या रंगावर विसंबू नका. काळा म्हणजे बहुतेक फॉस्फेट केलेला आणि तेलात बुडवलेला, इंजिनाच्या कामाला हा जुना नेहमीचा प्रकार. पिवळट आणि किंचित इंद्रधनुषी झाक असलेला म्हणजे झिंकवर पिवळं पॅसिव्हेशन, गंज अडवणारा रासायनिक थर. आजकाल हार्डवेअरमध्ये सर्रास मिळतो तो हाच. करडा, मऊ चमक असलेला जुना बोल्ट कॅडमियमचा असू शकतो. कॅडमियम विषारी आहे, म्हणून असल्या बोल्टवर कोरडा वायर ब्रश फिरवू नका आणि त्याला गॅसची ज्योत तर मुळीच लावू नका. चकचकीत निळसर म्हणजे साधा झिंक. आणि चकचकीत असून लोहचुंबकाला चिकटत नाही किंवा जेमतेम ओढला जातो, तो स्टेनलेस. थोडी ओढ असते, कारण मुंडी थंड ठोकून बनवताना त्या धातूत जरासं चुंबकत्व येतं. त्यामुळे जरा चिकटला म्हणून साधं लोखंड समजू नका, शेजारी खरा लोखंडी बोल्ट धरून तुलना करा.

रंगापेक्षा मला रंगाचे थर जास्त कामाचे वाटतात. या काळातली बरीच इंजिनं जुळवून झाल्यावर एकदम रंगवली जायची, त्यामुळे बोल्टच्या मुंडीवर आणि शेजारच्या कव्हरवर तोच रंग असतो आणि मुंडीच्या काठाशी तो सलग असतो. मुंडीवर रंग नाही पण भोवतीच्या कव्हरवर आहे, किंवा मुंडीखालच्या वायसरच्या ठशात जुना रंग दडलेला आहे, तर तो बोल्ट एकदा तरी निघाला किंवा बदलला गेला. म्हणूनच मी नेहमी सांगतो की बोल्ट एकटा वाचू नका, ज्या भोकातून निघाला त्या भोकासकट वाचा. तुमचे डब्यात मिसळलेत हे खरं, पण अजून वेळ गेलेली नाही.

वॉटर पंपाचा एक बोल्ट उदाहरणाला घ्या आणि उजेडात धरा. मुंडीखाली दांड्याचा गुळगुळीत भाग आहे, मग आटे. गुळगुळीत भागावर, मुंडीपासून थोड्या अंतरावर, गंजाचा एक पट्टा दिसेल. पंपाच्या भोकात जिथे ओल साचली तिथला तो. त्याच्या पुढे आट्यांचे पहिले काही फेरे तपकिरी आणि खडबडीत, आणि टोकाकडचे काळेभोर, स्वच्छ, तेलकट. स्वच्छ भाग म्हणजे ब्लॉकमध्ये रुतलेली लांबी. आता पंपाच्या कानाची जाडी, स्प्रिंग वायसरची जाडी आणि ही स्वच्छ लांबी यांची बेरीज करा. ती मुंडीखालच्या लांबीशी जुळली तर हा बोल्ट इथलाच आणि बराच काळ इथेच होता. स्वच्छ लांबी बोटभर आणि पंपाचा कान पातळ, असं काही निघालं तर तो दुसऱ्या जागेचा आहे आणि या भोकात तळाला टेकेल. मुंडीच्या खालच्या तोंडावर वायसरने कोरलेली गोल रेघ असते. तिचा व्यासही मूळ वायसरशी ताडता येतो. एवढं एका बोल्टवर केलंत की पुढच्यांना वेळ लागत नाही.

तळाला टेकणारा बोल्ट हे इंजिन फोडण्याचं साधन आहे. पाना घट्ट लागतो, आवळणाऱ्याला वाटतं कव्हर दाबलं गेलं, पण सगळा दाब भोकाच्या तळावर जातो आणि बिडाचा ब्लॉक तडकतो. उलट आखूड बोल्ट दोन-चार आट्यांवर लटकतो. माझा साधा नियम असा: बिडात किमान बोल्टच्या जाडीच्या दीडपट लांबी रुतली पाहिजे, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट, पोलादात जाडीइतकी.

लेथवर करून घेतलेले बोल्ट आपल्याकडे गावोगाव सापडतात. एखादा बोल्ट मिळाला नाही की मिरजोळे किंवा खेर्डी एमआयडीसीतल्या कुठल्याशा लेथवर सळईतून काढून आणायचा. ओळखायला सोपा: मुंडीच्या तोंडावर लेथच्या टूलच्या गोल-गोल रेघा, मार्का नाही, आट्यांच्या कडा धारदार आणि दातांच्या उतारावर ओरखडे. कंपनीच्या बोल्टचे आटे दाबून पाडलेले असतात, म्हणून उतार गुळगुळीत आणि माथा किंचित गोल. बोटाने फिरवलं तरी कळतं. एम.एस. सळईतून काढलेला बोल्ट साइड कव्हरला चालेल. कनेक्टिंग रॉडमध्ये तो सापडला तर ते इंजिन इतकी वर्षं नशिबाने चाललंय असं समजा, आणि तो आजच बाहेर काढा. शंका असेल तर कानस घ्या आणि टोकावर हलकेच फिरवा. साध्या सळईत कानस सहज रुतते, ८.८ च्या बोल्टवर तिला जोर लागतो. शेजारी खात्रीचा ८.८ ठेवून दोन्हींवर फिरवलीत की फरक हातालाच कळतो.

आता स्टेनलेस. किनाऱ्यावर हा विषय वारंवार येतो आणि त्याला कारण आहे. मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांजवळच्या दुकानांत बोटींसाठी स्टेनलेसचे नटबोल्ट ढिगाने मिळतात आणि बोटीवर ते चांगले टिकतात. माझ्याकडेही बोटींची इंजिनं येतात, त्यामुळे त्या मालाशी माझी रोजची गाठ आहे. गाडीच्या इंजिनावर मात्र तीन अडचणी येतात. पहिली, ते बहुतेक मेट्रिक असतात, म्हणजे वरचा एम-८ चा घोळ. दुसरी, ताकद. स्टेनलेसच्या नेहमीच्या ए२-७० प्रतीचा बोल्ट चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटनच्या आसपास कायमचा ताणायला लागतो, तर ८.८ चा ६४० ला. ८.८ साठी दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळायच्या जोराने, तो आवळला तर एकतर ताणला जाईल, किंवा आवळताना आटे एकमेकांत चिकटून जाम होईल. स्टेनलेसची ही जुनी खोड आहे, आणि जाम झालेला बोल्ट मग तुटूनच निघतो. तिसरी, दोन वेगळे धातू आणि मध्ये खारी ओल असली की त्यातला लवकर गंजणारा धातू झिजतो. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे आहेत म्हणून हा त्रास जरा कमी. प्रीमियर पद्मिनीसारखं ॲल्युमिनियमचं हेड असेल तर तिथे स्टेनलेस घालणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यांत आटे पांढऱ्या भुकटीत गमावणं. एअर क्लीनरच्या कव्हराला किंवा बोनेटच्या कडीला स्टेनलेस घालायचाच असेल तर घाला. तिथे ताकद लागत नाही.

गंजाची काळजी रास्त आहे, पण तिचा उपाय वेगळा. बसवताना आट्यांना थोडं तेल किंवा मॅन्युअल सांगेल ते लावा, मुंड्यांवर रंगाचा सलग थर द्या, आणि शेडची गळती बंद करा. रेडिएटरमध्ये समुद्राजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी घालू नका. पंप आणि थर्मोस्टॅटजवळच्या बोल्टांची कंबर आतून बारीक झालेली मी बघतो, ती बहुतेक या पाण्यानेच. कूलंट घाला, नाहीतर निदान डिस्टिल्ड पाणी.

मघाशी म्हटलं तसं, इंजिनाच्या आतल्या बोल्टांना मूळचेपणाचा निकष लावू नका. तुमच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची टोपी तिरकी कापलेली असते आणि बोल्ट दुमडायच्या लॉक वायसरने अडवलेले असतात. ते वायसर एकदा उघडले की टाकून द्यायचे, नवे घालायचे, यात काटकसर नाही. बोल्टांची परीक्षा अशी: चांगला नवा नट घ्या आणि आट्यांवर बोटांनी फिरवा. टोकापासून शेवटपर्यंत सारखा गेला पाहिजे. मध्येच अडला तर त्या जागी बोल्ट ताणला गेलाय. सगळे बोल्ट शेजारी उभे करून लांबी मोजा. एखादा इतरांपेक्षा लांब भरला तर तोही बाद. मुंडीखालच्या वळणावर आणि पहिल्या आट्यात भिंगाने चीर शोधा. एवढं करूनही मन खात नसेल तरी, इंजिन पूर्ण उघडलंच आहे तर मी रॉडचे बोल्ट नवेच घालतो. रॉडचा एक बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो, आणि तुम्ही जपत असलेलं मूळचं इंजिन तिथेच संपतं. जुने बोल्ट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून गाडीच्या कागदांसोबत ठेवा.

हेडचे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले बिनमुंडीचे बोल्ट) शक्यतो काढूच नका. काढावेच लागले तर दोन्ही टोकांचे आटे वेगवेगळे मोजा, कारण स्टडच्या दोन टोकांचे आटे सारखेच असतील असं नाही. आणि जाम स्टड गॅसने लाल करून काढला असेल तर तो परत वापरू नका. लाल झालेल्या पोलादाची ताकद गेलेली असते, दिसायला तो कितीही चांगला दिसो.

साफसफाई. डिझेलमध्ये रात्रभर भिजवा, मग पितळी ब्रश. गंज जास्त असेल तर काकवीत नऊ-दहा पट पाणी घालून त्यात आठवडा-दोन आठवडे ठेवा. काकवी घाटावरून सहज मिळते, ती गंज खाते आणि खालचं चांगलं लोखंड जवळपास तसंच ठेवते. वास येतो, म्हणून घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियमचा किंवा झिंकचा कुठलाही भाग त्यात टाकू नका, तो खाल्ला जाईल. घरात पितळेची भांडी आमसुलाने लखलखीत होतात म्हणून कोणी बोल्ट आगळात घालायला सांगेल, तर नको. आगळात मीठ असतं आणि ते आट्यांच्या खाचेत राहून परत गंज आणतं. तीव्र ॲसिड तर १०.९ किंवा त्यावरच्या बोल्टांना अजिबात नको. ॲसिडमधला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट आवळल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी अचानक तुटतो. परत प्लेटिंग करून घेणार असाल तर प्लेटिंगवाल्याला विचारा, की प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवणार का. त्याला प्रश्नच कळला नाही तर कठीण बोल्ट त्याच्याकडे देऊ नका, फक्त कव्हरांचे साधे बोल्ट द्या.

ब्लॉकमधले आटे साफ करायला धारदार टॅप घालू नका, तो चांगलं बीडही कापतो. त्याच मापाचा एक जुना चांगला बोल्ट घ्या, त्याच्या आट्यांवर हॅक्सॉने लांबीत एक खाच पाडा, तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवा. घाण खाचेत येते, आटे तसेच राहतात.

आता तुमचा डबा. मॉरिस ऑक्सफर्डच्या काळातला बीएमसीचा सुट्या भागांचा सचित्र कॅटलॉग मिळवा. त्यात नेहमीच्या बोल्टांचे नंबर हाच त्यांच्या मापाचा पत्ता असतो. उदाहरणार्थ एचझेडएस ०५०६: झेड म्हणजे यूएनएफ, एचझेडएस म्हणजे पूर्ण आट्यांचा षटकोनी सेट-स्क्रू, ०५ म्हणजे ५/१६ इंच जाडी, ०६ म्हणजे सहा-अष्टमांश, म्हणजे पाऊण इंच लांबी. एचबीझेड ०५२२ म्हणजे गुळगुळीत दांड्याचा बोल्ट, तीच जाडी, लांबी २२ अष्टमांश, म्हणजे पावणेतीन इंच. लांबी मुंडीच्या खालून टोकापर्यंत मोजायची. हे एकदा कळलं की कॅटलॉगचं चित्र समोर ठेवून डब्यातल्या प्रत्येक बोल्टला त्याचं घर सापडतं, आणि ज्याला घर सापडत नाही तो पाहुणा.

जाड पुठ्ठ्यावर टायमिंग कव्हर, पंप, संप यांची रूपरेषा काढा, भोकांच्या जागी छिद्रं पाडा आणि ओळखलेले बोल्ट त्यांत खोचत जा. टायमिंग कव्हरला दोन जाडींचे बोल्ट असतात, दोन सुती आणि अडीच सुती, आणि त्यांचा टॉर्कही वेगळा: बी-सिरीजला सुमारे ६ आणि १४ पौंड-फूट. सवयीने सगळे सारखेच आवळले की दोन सुतीचे तुटतात. पुठ्ठ्यावर कुठल्या छिद्रात काही खोचलं गेलं नाही, हीच तुमची खरेदीची यादी.

ती यादी घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, किंवा आंबा घाटातून कोल्हापूरच्या उद्यमनगरला. दोन्हीकडे इंची बारीक आट्यांचे, मार्का असलेले बोल्ट विचारून मिळतात. विकणारा "आठ एमएमचा चालेल" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. सोबत जुना बोल्ट आणि एक नट घेऊन जा आणि नट दुकानातच नव्या बोल्टवर फिरवून बघा. जुन्या मार्क्याचे बोल्ट हवेच असतील तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात बीएमसी इंजिनांचे ढीग शोधावे लागतात. त्यातले बाहेरच्या कव्हरांसाठी वापरा, आतल्या कामाला नाही, कारण त्यांनी आधी काय सोसलंय ते कळायला मार्ग नाही.

पुढचा सल्ला अचूक द्यायला मला तीन गोष्टी लागतील: इंजिन नंबर आर.सी. बुकाशी जुळतो का, कनेक्टिंग रॉडच्या चारही जोड्यांच्या मुंड्यांचे फोटो, आणि डब्यातल्या चकचकीत बोल्टांचा पट्टी शेजारी ठेवून आट्यांच्या बाजूने काढलेला फोटो. तोवर मिस्त्रींना सांगा, नवा-जुना कुठलाही बोल्ट ब्लॉकमध्ये बोटांनी शेवटपर्यंत गेल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही.